विश्लेषण : पऱ्हाटी जाळण्याऐवजी ‘बायोचार’ केल्यास शेतकऱ्याच्या हाती काय लागेल?

कापसाची शेवटची वेचणी झाली की विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्यांचे ढीग पेटू लागतात. गुलाबी बोंडअळीला आसरा मिळू नये म्हणून शेत वेळेत मोकळे करा, असा कृषी विभागाचाही सल्ला असतो. याच पऱ्हाटीचा ‘बायोचार’ केला तर जमीन सुधारेल, शिवाय ‘कार्बन क्रेडिट’चे पैसे मिळतील, असे आता सांगितले जाते. त्यात तथ्य किती?

बायोचार म्हणजे काय?

सोप्या भाषेत, शेतीसाठी केलेला कोळसा. काडीकचरा कमीत कमी हवेत साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याची राख न होता सच्छिद्र कोळसा उरतो. उघड्यावर जाळल्यास बहुतेक कार्बन हवेत जातो. इथे निम्म्याच्या आसपास कोळशात अडकतो आणि जमिनीत शेकडो वर्षे टिकू शकतो. त्यासाठी महागडे यंत्रच हवे असे नाही. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने लोखंडी पिंपाची भट्टी विकसित केली आहे. शंकूच्या आकाराच्या खड्ड्यातही बायोचार होतो. मात्र शेवटी तो पाण्याने विझवावा लागतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी आणायचे कुठून, हा प्रश्न उरतोच. (कोकणातील राब भाजणी वेगळी, तिथे उरते ती मुख्यतः राख.)

उत्पादन वाढते का?

ते जमिनीवर ठरते. जगभरातील प्रयोगांचा एकत्रित आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढल्याचे, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी वाढ नसल्याचे आढळले. भारत उष्ण कटिबंधात, म्हणून २५ टक्के आपलेच, असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. तिथल्या पुष्कळ जमिनी आम्लधर्मी आणि निकस असतात. बायोचार बहुधा अल्कधर्मी असल्याने तो त्यांत चुन्यासारखे काम करतो. कापूस पट्ट्यातील काळ्या जमिनीचा सामू मुळातच साधारण ७.५ ते ८.५ असतो. तिथे हा फायदा नाही. म्हणजे पऱ्हाटी विदर्भात आणि बायोचारची जास्त गरज कोकणच्या जांभ्या जमिनीला, अशी ही गंमत आहे. काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब आणि थोडा भुसभुशीतपणा, एवढीच अपेक्षा ठेवणे बरे.

गणित कुठे अडते?

एकरी साधारण एक टन पऱ्हाटी धरली, तर तिच्यातून अडीचशे-तीनशे किलो बायोचार मिळतो. प्रयोगांत मात्र हेक्टरी १० टन, म्हणजे एकरी चार टनांसारख्या मात्रा वापरलेल्या असतात. स्वतःच्या शेतातल्या पऱ्हाटीवर तिथवर पोहोचायला तेरा ते सोळा वर्षे लागतील. त्यामुळे पूर्ण रानात फेकण्यापेक्षा शेणखतात किंवा स्लरीत मुरवून ओळीत, झाडाच्या बुंध्याशी देणे व्यवहार्य ठरते. कोरा बायोचार थेट टाकला तर सुरुवातीला तोच नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळे पडू शकते.

क्रेडिटचे पैसे कोणाला?

एक टन चांगला बायोचार म्हणजे ढोबळमानाने दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून रोखला, असे धरता येते. त्याला गिऱ्हाईकही आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत एक लाख टनांची क्रेडिट घेण्याचा करार जाहीर केला. पण क्रेडिट मिळवायचे तर कच्चा माल, तापमान, वजन आणि बायोचार कोणत्या शेतात गेला याची नोंद लागते. एकट्या शेतकऱ्याला हे झेपणारे नाही. ते कंपनी करते आणि क्रेडिटही सहसा तिच्याच नावे जमा होते. पऱ्हाटीचा टनामागे भाव, तोडणी-वाहतुकीचा खर्च, परत मिळणारा बायोचार आणि क्रेडिटमधला हिस्सा या चार गोष्टी करारात लिहिलेल्या नसतील, तर शेतकऱ्याला मिळेल ते फक्त मोकळे शेत, आणि तेवढे तर काडी ओढूनही होते.