कोरडे डोळे आणि भरतमुनी

‘त्याचे डोळे कोरडेच होते’ असे वाक्य कथेत आले, की त्या पात्राविषयीचे आपले मत ठरून जाते. माणूस आतून आटलेला आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. काही वर्षांपूर्वी घरातल्याच एका मृत्यूनंतर मी अशाच डोळ्यांनी बसून होतो. ‘याला काहीच कसे वाटत नाही’ हे शब्द कानांवर आले. डोळ्यांत मात्र वाळू गेल्यासारखे खुपत होते.

पुढे नेत्रतज्ज्ञांकडून कळले ते असे. अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. डोळ्यावरच्या त्या पातळ थरात पाणी असते, ते धरून ठेवणारा चिकट स्राव असतो आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचे आवरण असते. हे तेल पापण्यांच्या कडांतील ग्रंथी पुरवतात. त्या तुंबल्या की पाणी असूनही डोळा कोरडा पडतो. एरवी मिनिटाला साधारण १५ वेळा लवणारी पापणी वाचताना किंवा पडद्याकडे पाहताना याच्या निम्म्याहूनही कमी लवते. वाढते वय, रजोनिवृत्ती, ॲलर्जीवरच्या काही गोळ्या, वातानुकूलित खोली ही आणखी काही कारणे. स्वीडिश नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ साली प्रबंधातून मांडलेल्या विकारात तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटते. अशा काही रुग्णांना दुःख होते, पण अश्रू येत नाहीत. उलट, साध्या कोरडेपणात खुपणाऱ्या डोळ्यांतून कारणावाचून पाणी वाहते. म्हणजे कोरडा डोळा निर्दय नसतो आणि वाहणारा डोळा हळवा असतोच असे नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. भरताने अश्रूला आठ सात्त्विक भावांत स्थान दिले. पण त्याची कारणे सांगताना आनंद आणि शोक यांच्याबरोबरच धूर, अंजन, जांभई, थंडी, रोग आणि पापणी न लववता पाहत राहणे हीही नोंदवली. ‘वाचताना डोळे पाणावले’ हा निकष मानणारी आपली समीक्षा या बाबतीत नाट्यशास्त्राच्याही मागे आहे, असे म्हणावे लागते. अश्रू हा पुरावा नव्हे. पात्राला काय वाटते, हे लेखकाने त्याच्या कृतीतून आणि शब्दांतून उभे करायला हवे. आणि वाचकाने तेथेच शोधायला हवे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे, की अधूनमधून नजर उचलून दूर पाहावे, पापण्या पूर्ण मिटाव्यात, आणि खुपणे राहिलेच तर डॉक्टर गाठावा. आणि शोकसभेत एखाद्याचे डोळे कोरडे दिसले, तर निकाल देण्याची घाई करू नये.