मुलांच्या आजारांच्या याद्या ग्रुपवर टाकू नका!

मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शाळेतल्या परिचारिका म्हणजे सिस्टर, वसतिगृहांचे अधीक्षक आणि पालकहो,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. आदिवासी भागात सिकलसेलसाठी मुलांचं रक्तही तपासलं जातं. ही तपासणी झालीच पाहिजे. पण तिचा निकाल वर्गात मोठ्यानं वाचू नका, यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. सिकलसेलची वाहक असलेली मुलगी आजारी नसते. तरीही तिचं नाव गावभर झालं, तर उद्या तिच्या लग्नात तेच आडवं येतं. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात २००९ साली एचआयव्हीबाधित मुलांच्या शाळाप्रवेशाला इतर पालकांनी विरोध केला होता. आज एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ चा कायदा अशा भेदभावाला बंदी घालतो आणि संमतीशिवाय एचआयव्हीची माहिती उघड करू देत नाही.

पाळी चुकली, रात्री झोप लागत नाही, घरी मारतात, हे सगळं मूल आधी शाळेतल्या सिस्टरला सांगतं. तेच मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत चघळलं गेलं, तर पुढचं मूल तोंड उघडणार नाही.

मात्र गुप्ततेच्या नावाखाली अत्याचार झाकता येणार नाही. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून गप्प बसणं हा गुन्हा आहे. म्हणून सिस्टर, ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलांना देऊ नका. ‘तुला धोका असेल, तर मदत करू शकणाऱ्यांनाच सांगेन, आणि तुला कल्पना देऊन सांगेन,’ असं म्हणा. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक भिंतीवर ठळक लिहा.

आमची कळकळीची विनंती:

१. आरोग्याच्या नोंदी कुलपात ठेवा.

२. निकाल ज्याच्या त्याच्या पालकांना एकांतात सांगा.

३. वर्गशिक्षकांना गरजेपुरतंच कळवा. फिट येणाऱ्या मुलाला कुशीवर वळवायचं, त्याच्या तोंडात काही घालायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक हवं. त्याची सगळी फाइल नको.

४. तपासणीसाठी आडोसा करा. मुलींजवळ महिला कर्मचारी असू द्या.

ग्रुपवर अशी यादी असेल, तर आजच काढा. आणि पालकहो, येत्या पालकसभेत उभं राहून विचारा: आमच्या मुलांच्या आरोग्याच्या नोंदी कुणाकुणाच्या हाती जातात? उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठू नका.