अफरातफरीचे वकीलपत्र

आमच्या राजुऱ्यात वकिलाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, “पुढची तारीख कोणती?” आणि दुसरा, “वकीलसाहेब, त्या गृहस्थाने पैसे खाल्ले हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तरी तुम्ही त्याचे वकीलपत्र घेतलेच कसे?” पहिल्याचे उत्तर पुष्कळदा कोर्टाच्या कारकुनालाही देता येत नाही. दुसऱ्याचे द्यावे, म्हणून दिवाळीचा मुहूर्त धरला आहे. फराळाच्या ताटाशेजारी अफरातफरीची गोष्ट म्हणजे जरा विचित्रच. पण या सदराचे वाचक एव्हाना सरावले असतील.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना राजुरा कुठे हे सांगायला हवे. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की आमचा तालुका लागतो. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता, जिल्हा आदिलाबाद आणि कोर्टाची भाषा उर्दू. १९५६ साली आम्ही नांदेड जिल्ह्यात गेलो आणि १९५९ साली चांद्यात आलो. जंगल, कापूस आणि नदी एवढ्यावर चालणाऱ्या या मुलखात पुढे कोळशाच्या खाणी आल्या, गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने आले. महिन्याचा पगार आला तशा पतसंस्था आल्या, आणि पतसंस्थांबरोबर लेखापरीक्षक, तूट, फिर्याद हेही ओघाने आलेच.

खुनाच्या आरोपीला गाव भिते. चोराला मारते. अफरातफरीच्या आरोपीची मात्र गाव चेष्टा करते. कालपर्यंत पांढरा सदरा घालून ‘नमस्कार, नमस्कार’ करीत जाणारा माणूस आरोपी झाला की शेजाऱ्यांना एक प्रकारचे समाधानच वाटते. त्याच्या घराला दोन वर्षांपूर्वी दिलेला रंग, मुलीच्या लग्नातले जिलबीचे ताट, सगळ्याचा हिशेब नव्याने मांडला जातो. ‘चारसोबीस’ हा शब्द तर १९५५ च्या त्या राज कपूरच्या बोलपटानंतर घराघरात गेला. गंमत अशी, की १८६० पासून फसवणुकीशी जोडलेला हा आकडा १ जुलै २०२४ रोजी निवृत्त झाला. नव्या न्यायसंहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात आणि विश्वासघात ३१६ व्यात गेला आहे. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच आकड्यांनी चालतात, आणि लोकांच्या तोंडून ‘तीनशे अठरा’ निघायला आणखी दोन पिढ्या जाव्या लागतील.

आकडा कोणताही असो, या गुन्ह्याचे मर्म माणसाच्या मनात असते. तिजोरीत पैसे कमी भरले एवढ्याने गुन्हा होत नाही. ते लबाडीच्या हेतूने वळवले हे सिद्ध व्हावे लागते. घर बांधायला उचल घेतलेला कंत्राटदार अर्ध्यावर काम टाकून गेला, तर तो वाईट कंत्राटदार खरा, पण फसवणुकीचा गुन्हेगार तेव्हाच ठरतो, जेव्हा उचल घेतानाच काम न करण्याचा त्याचा बेत होता असे दाखवता येते. मन तर कोर्टात हजर करता येत नाही. म्हणून कागद हजर होतात, आणि कागद बोलतात अशी आपली एक भाबडी समजूत आहे. कागद बोलत नाही. त्याच्याकडून बोलवून घेणारे दोन वकील असतात.

याचा सर्वांत मोठा दाखला महाराष्ट्राच्या घरचाच आहे, आणि तो पुष्कळांना अर्धाच ठाऊक असतो. लोकमान्य टिळक म्हटले की राजद्रोहाचे खटले आठवतात. पण खोटी शपथ, बनावट दस्तऐवज, हिशेबाच्या कागदांत फेरफार, असले आरोपही त्यांच्यावर होते, हे आज किती घरांत माहीत आहे?

पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मृत्युपत्रात त्यांनी टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना विश्वस्त नेमले होते. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या आरोपाखाली नुकतेच जामिनावर सुटलेले. तरी मित्राचा शब्द मोडवला नाही. पुढे विश्वस्तांच्या संमतीने बाबामहाराजांच्या विधवा ताईमहाराज यांनी जून १९०१ मध्ये औरंगाबादेस एक मुलगा दत्तक घेतला, असे टिळकांचे म्हणणे. (औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, आमच्या राजुऱ्यासारखेच.) थोड्याच दिवसांत ताईमहाराजांचे मन फिरले. दत्तक झालेच नाही, असे त्या म्हणू लागल्या आणि कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी ताईमहाराजांची बाजू खरी मानून टिळकांवर सात आरोप ठेवून प्रकरण फौजदारीकडे पाठवले. त्यांत त्या औरंगाबादच्या प्रवासाच्या हिशेबात फेरफार केल्याचाही एक. विचार करा, सारा देश ज्याच्या अग्रलेखांकडे पाहतो, तो माणूस प्रवासखर्चाच्या जमाखर्चावरून आरोपीच्या पिंजऱ्यात उभा!

खास नेमलेल्या मॅजिस्ट्रेटने ऑगस्ट १९०३ मध्ये खोट्या साक्षीबद्दल अठरा महिने सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड सांगितला. सत्र न्यायाधीशाने शिक्षा सहा महिन्यांवर आणली, पण दोष कायम ठेवला, आणि थोडे दिवस का होईना तुरुंग पाहावा लागला. मार्च १९०४ मध्ये मुंबई हायकोर्टात सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यापुढे ते निर्दोष सुटले. तरी दत्तकाचा दिवाणी दावा चालूच. टिळक मंडालेला असताना १९१० साली हायकोर्टाने तो त्यांच्याविरुद्ध दिला, आणि अखेर मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाल दिला. मृत्युपत्रापासून मोजाल तर जवळजवळ अठरा वर्षे.

त्या १९१५ च्या निकालात एक तत्त्व सांगितले आहे, आणि ते आजही आमच्यासारखे तालुक्याचे वकील कोर्टापुढे वाचून दाखवतात. एखाद्या कागदाच्या आधारे साक्षीदाराला खोटा ठरवायचे असेल, तर तो कागद आधी त्याच्यापुढे ठेवा आणि खुलासा करण्याची संधी द्या. त्याला न विचारता, त्याच्या पाठीमागे, कागद फडकावून ‘हा लबाड’ असे म्हणता यायचे नाही. इतकी साधी गोष्ट! पण ती सांगायला खटला थेट साता समुद्रापार जावा लागला.

आता आमच्याकडचा एक गृहस्थ. संस्थेचे आणि गावाचे नाव मी सांगत नाही. हा एका पतसंस्थेत हिशेबनीस. लेखापरीक्षणात तूट निघाली. तेवीस व्हाउचरांवर याची सही होती. संचालकांनी याला बोलावले आणि लिहून तयार ठेवलेला कबुलीजबाब पुढे सरकवला. “सही कर, पैसे भर, आपण पोलिसांत जात नाही.” याने घाबरून सही केली. आठच दिवसांत फिर्याद दाखल झाली.

त्याची बायको माझ्याकडे आली ती पदराला गाठ मारून. गाठीत सोन्याची पोत. “वकीलसाहेब, ही मोडून देते जी. पैसे भरा, पण हे मिटवा.”

मी म्हटले, “वहिनी, पोत गळ्यातच राहू द्या.” पैसे भरल्याने गुन्हा पुसला जातो हा सार्वत्रिक समज आहे आणि तो घातकी आहे. पैसा चार दिवसांसाठी वापरून परत ठेवला, तरी कायदा त्याला अपहारच म्हणतो. बँकेचा किंवा सरकारी नोकर म्हणून ताब्यात असलेल्या पैशाचा विश्वासघात तर कोर्टाच्या परवानगीनेही आपसांत मिटत नाही. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. मग भरलेल्या पैशाचा अर्थ सरकारी वकील काय लावणार? ‘खाल्ले नव्हते तर भरले कशाला?’ असाच. तीच गत कबुलीची. अधिकाराच्या जागेवरील माणसाने आमिष किंवा धाक दाखवून घेतलेली कबुली कोर्ट पुराव्यात धरीत नाही, पोलिसांपुढली तर नाहीच. पण गावाने ती केव्हाच धरलेली असते.

कागदांच्या नकला मिळाल्यावर आम्ही दोघांनी माझ्या पडवीत सतरंजी घातली आणि तेवीस व्हाउचरे तारीखवार मांडली. शेजारी हजेरीपट. अशा खटल्यात वकिली म्हणजे बहुतेक हेच असते. बोलपटातले वकील टेबलावर मूठ आपटतात. आम्ही तारखा लावतो. दुपार कलली तेव्हा दिसले, की नऊ व्हाउचरे ज्या दिवसांची आहेत त्या दिवसांत हा रजेवर होता. वडिलांना नागपूरच्या इस्पितळात ठेवले होते. उरलेल्या चौदांवरची सही याचीच. मी विचारले, “कबूल करायचे?” तो म्हणाला, “माझी आहे तर माझीच म्हणणार.” मला त्याच वेळी पुष्कळसे कळले. त्या चौदांमागे खातेदारांच्या पावत्या होत्या, अंगठे होते, आणि पैसे मिळाल्याचे सांगायला माणसे उभी राहिली.

उलटतपासणीत लेखापरीक्षकाला मी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. ही व्हाउचरे अहवाल लिहिण्यापूर्वी तुम्ही आरोपीला दाखवली होती का?

“नाही.”

“का नाही?”

“सही त्याचीच दिसत होती. विचारायची गरज वाटली नाही.”

सातव्या वर्षी तो निर्दोष सुटला. नऊ बनावट सह्या कोणी केल्या, हे त्या खटल्यात उघड झाले नाही, आणि ते शोधणे माझे काम नव्हते. मधल्या काळात, तिसऱ्या वर्षी, त्याच्या थोरल्या मुलीचे जुळत आलेले स्थळ फिरले. निकालाची नक्कल नेऊन दाखवल्याने स्थळे परत येत नाहीत.

सात वर्षे म्हणजे काही जास्त नव्हेत. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे प्रकरण वाचकांना आठवत असेल. बँकेचा पैसा सरकारी रोख्यांसाठी खासगी दलालांकडे गेला आणि रोखे काही आले नाहीत. शेतकऱ्यांच्या ठेवींचे शंभर कोटींहून अधिक रुपये त्यात अडकले. गुन्हा २००२ सालचा, निकाल २२ डिसेंबर २०२३ चा. तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली आणि प्रकरण अपिलात गेले. वर्तमानपत्रांनी सहांची नावे मोठ्या अक्षरांत छापली, ते योग्यच. त्याच निकालात तीन आरोपी निर्दोष ठरले. त्यांची एकवीस वर्षे कोणत्या रकान्यात मांडायची?

“पण खरोखरच पैसे खाल्लेल्याचेही वकीलपत्र तुम्ही घेताच की!” घेतो. घेतले आहे. एक जण माझ्यापुढे बसून पहिल्या दिवशीच म्हणाला, “खाल्ले.” मी त्याला सांगितले, की माझ्या तोंडून कोर्टात खोटे येणार नाही, सरकारने आपला पुरावा नीट मांडला की नाही, एवढेच मी पाहीन. सरकारने तो नीट मांडला. शिक्षा झाली, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही. ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांत तेंदूपत्ता तोडून चार पैसे साठवणाऱ्या बाया होत्या.

अशा माणसाचेही हक्क कुठवर, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ साली सांगितले आहे. खटला महाराष्ट्र सरकारविरुद्धचा. आरोपी विद्यापीठातला प्रपाठक, पीएच.डी. झालेला, आणि आरोप विद्यापीठाच्या बनावट पदव्या काढण्याच्या खटपटीचा. सत्र न्यायालयाने सुशिक्षित म्हणून की काय, कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा दिली. हायकोर्टाने ती तीन वर्षांवर नेली. निकालाची नक्कल तुरुंगात वेळेवर हाती पडली नाही, म्हणून अपिलाला चार वर्षांहून अधिक उशीर झाला, असे त्याचे म्हणणे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा अर्ज फेटाळला, पांढरपेशा गुन्हेगारांना मऊ शिक्षा देण्याच्या रीतीवर कोरडे ओढले, आणि त्याच निकालपत्रात ठरवून दिले, की तुरुंगात जाणाऱ्या प्रत्येकाला निकालाची नक्कल फुकट मिळाली पाहिजे, आणि ऐपत नसेल तर अपिलासाठी वकीलही.

आमच्या त्या गृहस्थालाही शिक्षेच्या दिवशी नक्कल मिळाली. पोलीस दाराशी उभे होते. त्याने पाने चाळली, आपले नाव आलेल्या जागी बोट ठेवले आणि विचारले, “यात काही चुकले असेल का, वकीलसाहेब?”

मी म्हटले, “रात्री वाचून सांगतो. मुदत तीस दिवसांची आहे.”