विश्लेषण : अभ्यासाच्या नोट्स कंपनीच्या सर्व्हरवर ठेवाव्यात की स्वतःच्या?

जुलै २०२५ मध्ये गुजरातमधील वाडिनार येथे तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीचे ईमेल आणि टीम्स अचानक बंद पडले. युरोपीय महासंघाने निर्बंध लादल्यानंतर मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली होती. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा सुरू झाली. लातूरला खोली करून ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलीचे किंवा नांदेडच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या एमपीएससीच्या उमेदवाराचे खाते बंद झाले, तर त्यांनी कोणत्या न्यायालयात जायचे? दोन-दोन वर्षांच्या नोट्स आज लॅपटॉप, मोबाइल आणि कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर विखुरलेल्या असतात. त्या स्वतःच्या ताब्यात ठेवून सगळ्या उपकरणांवर एकसारख्या दिसतील, अशी सोय करणारी मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो मराठवाड्यातल्या वीज-इंटरनेटवर ती कितपत चालतील हा.

फुकट सेवांचे गणित कसे बदलते?

नोट्ससाठी एकेकाळी सर्वांत लोकप्रिय असलेल्या एव्हरनोटने डिसेंबर २०२३ पासून मोफत वापर ५० नोट्स आणि एका वहीपुरता मर्यादित केला. जुन्या नोट्स पुसल्या नाहीत. पण ५१वी लिहायची तर पैसे मोजा. गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांत मिळून आहे. वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवणाऱ्यांची ती लवकर भरते.

झोहोसारख्या देशी कंपन्यांकडे वळण्याचा पर्याय गेल्या काही काळात बराच चर्चेत आहे. मात्र देशी कंपनीचा सर्व्हरसुद्धा दुसऱ्याचाच. अटी बदलण्याचा अधिकार तिथेही कंपनीकडेच असतो.

मुक्त सॉफ्टवेअर काय वेगळे करते?

जॉप्लिन हे त्यातले एक प्रमुख अ‍ॅप. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन अशा सगळीकडे ते चालते. नोट आधी उपकरणावरच साठते आणि इंटरनेट मिळाले की सर्व्हरवरच्या एका फोल्डरशी ताळमेळ घालते. किनवट-माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात दिवसभर रेंज नसली तरी लिहिणे थांबत नाही. हे फोल्डर कुठे ठेवायचे हे वापरणारा ठरवतो : ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा स्वतःच्या संगणकावर चालणारे नेक्स्टक्लाउड. नेक्स्टक्लाउड २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झाले. त्याचा कोड खुला आहे आणि ते कोणालाही बसवता येते. जॉप्लिनमधले एन्क्रिप्शन सुरू केले, तर सर्व्हर चालवणाऱ्यालाही मजकूर वाचता येत नाही. अर्थात, त्याचा पासवर्ड विसरला आणि नोट्स कोणत्याच उपकरणावर उरल्या नाहीत, तर त्या परत मिळवून देणारे कोणतेही मदत केंद्र नाही.

घरी सर्व्हर ठेवला तर अडचण कुठे येते?

विजेचा खर्च वाटतो तेवढा नाही. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक साधारण ५ वॅट घेतो, म्हणजे महिन्याला ३.६ युनिट. अडगळीतला जुना डेस्कटॉप ६० वॅटचा धरला, तर मात्र ४३ युनिट होतात आणि महावितरणचे बिल १०० युनिटांच्या पुढच्या महाग टप्प्यात जाऊ शकते. वीज गेली तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा.

खरी अडचण पत्त्याची आहे. अनेक इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. सगळ्या चाळीला एक पत्रपेटी आणि खोली क्रमांक कोणालाच नाही, अशी ही स्थिती. घरातून बाहेर जाता येते, पण बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. त्यावर जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेणे, टेलस्केलसारखे खासगी जाळे वापरणे किंवा डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्याने घेणे हे उपाय आहेत. पण सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत करायचे काम आपलेच. ते राहिले तर घरचा सर्व्हर कंपनीच्या सर्व्हरपेक्षा असुरक्षित ठरतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर चुकून पुसलेली नोट लॅपटॉपवरूनही जाते. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील गावांत रातोरात पाणी शिरले, तशा प्रसंगी घरातला सर्व्हर आणि घरातला लॅपटॉप एकदमच जातात. दुसरी प्रत दुसऱ्या गावात हवी. नांदेडच्या संगणकावरचे फोल्डर लातूरच्या नातेवाइकाकडे आपोआप पोहोचवण्याचे काम सिंकथिंग हे मुक्त सॉफ्टवेअर मधल्या सर्व्हरवर काहीही न साठवता करते. त्याचे अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप मात्र डिसेंबर २०२४ मध्ये थांबले. आता इतर स्वयंसेवकांनी चालवलेली आवृत्ती वापरावी लागते. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरही कोणाच्या तरी सवडीवर अवलंबून असतेच.

मग हे कोणी करावे?

परीक्षा तोंडावर असलेल्या एकट्या विद्यार्थ्याने सर्व्हरच्या मागे लागू नये. जॉप्लिन बसवून, एन्क्रिप्शन सुरू करून सध्या वनड्राइव्ह वापरले तरी पुरे. पुढे त्याच नोट्स दुसरीकडे नेता येतात.

सर्व्हर शोभतो तो अभ्यासिका, वसतिगृह किंवा महाविद्यालयाला. मुले रोज तिथे येतातच. तिथल्या वायफायवर नेक्स्टक्लाउडचा एक संगणक ठेवला, तर मोबाइल आणि लॅपटॉप तिथेच सिंक होतील आणि सार्वजनिक पत्त्याची गरजच उरणार नाही. नांदेडची १९८१ मधील श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था किंवा नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांसाठीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांना तर हा विद्यार्थी प्रकल्प म्हणूनही करता येईल. फक्त, सर्व्हर उभारणारा विद्यार्थी अंतिम वर्ष संपवून पुण्याला नोकरीला गेल्यावर त्याचा पासवर्ड कोणाकडे असेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे लागेल.

एव्हरनोटमध्ये अडकलेल्यांना सगळे पुन्हा टाइप करावे लागत नाही. तिथल्या डेस्कटॉप अ‍ॅपमधून ‘ईएनईएक्स’ फाइल काढता येते आणि जॉप्लिन ती थेट आत घेते.