हिरो कोणाला म्हणायचं?

आमच्या खान्देशात ‘हिरो’ हा शब्द फार स्वस्त झालाय. मोटारसायकल एका चाकावर पळवणारा हिरो, चौकात कुणाची कॉलर धरणारा हिरो, आणि वाढदिवसाचं बॅनर लावून घेणारा तर सगळ्यांत मोठा हिरो. बाईला हा शब्द कुणी लावत नाही. ती फार तर हिरोईन. म्हणजे हिरोनं गुंडांच्या तावडीतून सोडवायची बाई.

ही समजूत मोडली ती आमच्याच एका पोरीनं. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १९५५ चा. पण घराणं धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं. तिचं नाव निघालं की धुळ्या-जळगावचा माणूस छाती फुगवतो, “आमची खान्देशकन्या!” माझं भांडण या फुगलेल्या छातीशीच आहे.

आमच्या गावात गणपतीत भाड्यानं व्हीसीआर आणायचे. एका वर्षी ‘उंबरठा’ लागला. पडद्यावर सावळी, साध्या साडीतली बाई दिसताच मागून कुणीतरी ओरडलं, “हाई काय हिरोईन शे का?” माझी माय दिवसभर कपाशी निंदून आलेली. ती हळूच म्हणाली, “आपलीच पोर दिसस.” ओरडणाऱ्याला हिरोईन गोरीच पाहिजे होती. मायला पडद्यावर पहिल्यांदा आपल्यातलं कुणी दिसत होतं.

जब्बार पटेलांच्या या १९८२ च्या सिनेमात सुलभा महाजन घर सोडून बायकांच्या आश्रमाची अधीक्षक होते. तिथला सडका कारभार बघून गप्प बसत नाही. घरी परतते तर तिची जागा गेलेली, म्हणून पुन्हा बाहेर पडते. ती एकालाही ठोसा मारत नाही, आणि शेवटी तिला कुणी हारही घालत नाही. तरी हिरो तीच. ‘नाही’ म्हणायची किंमत तिला समजली होती आणि ती तिनं स्वतः मोजली.

‘मिर्च मसाला’ आला तोवर स्मिता गेली होती. १३ डिसेंबर १९८६, वय अवघं एकतीस. त्यातली सोनबाई सुभेदाराला नकार देते, आणि गावातली शहाणी माणसं गाव वाचवायला तिलाच त्याच्या हवाली करायला निघतात. शेवटी मिरची कुटणाऱ्या बायाच सुभेदाराच्या डोळ्यांत तिखट फेकतात. नंदुरबारच्या मिरची बाजारात राबणाऱ्या बायांना ती आग समजावून सांगावी लागत नाही.

कुणी म्हणेल, हे कलात्मक सिनेमे शहरातल्या शिकलेल्यांचे, खेड्यात कोण बघतो? साफ खोटं. शेजारच्या गुजरातेत पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, त्यातून श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ झाला. १९७६ साली तेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला गेले. त्यातली बिंदू, म्हणजे आपली स्मिताच. तेव्हा खेड्याला समजत नाही ही सबब नको. समजतं, पण सोसत नाही.

सोसत नाही याचा पुरावा जनगणनेत आहे. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ८८० मुली होत्या. २०११ मध्ये ८४२ उरल्या. केळी आणि कापूस पिकवणारा, सोन्याच्या पेढ्यांसाठी नावाजलेला आमचा हा जिल्हा! खान्देशकन्या म्हणून मिरवायचं आणि कन्या जन्मायच्या आधीच मोजून बाजूला करायच्या, हा कुठला अभिमान?

ज्या जन्मल्या त्यांचं काय? बाप गेला की तेराव्याच्या आत भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढं करतो. बहिणीनं मुकाट सही केली तर ती गुणाची. नाही म्हणाली तर तिचं माहेर तुटतं, अन् गाव म्हणतं, “लई हिरो झाली का?”

हो, झाली. तोच शब्द बरोबर आहे. स्मितानं पडद्यावर तेच दाखवलं होतं. तिचा फोटो बैठकीत लावायचा तर खुशाल लावा. पण आधी सातबाऱ्यावर पोरीचं नाव लावा.