नाक पुन्हा घडवणे ही चैन नव्हे

त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाचा भाग काढावा लागला, तर तो पुन्हा घडवणे हे नटणे नव्हे. तो उपचाराचाच भाग होय.

१७९२ साली म्हैसूरच्या युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका शस्त्रवैद्याने त्याला नवे नाक दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन त्याने कपाळावरील कातडी सोडवली आणि भुवयांमधील पट्टा अखंड राखून ती खाली वळवून बसवली. त्या पट्ट्यातून तिला रक्त मिळत राहिले. ती रुजल्यावर सुमारे पंचविसाव्या दिवशी तो छेदण्यात आला. १७९४ साली हा वृत्तान्त लंडनच्या मासिकात प्रसिद्ध झाला आणि १८१४ साली कार्प्यू या शल्यविशारदाने तेथे हीच रीत अवलंबली.

नाकावरील कर्करोग काढल्यावर राहणारी मोठी पोकळी आजही याच रीतीच्या सुधारित रूपाने भरतात. मात्र काढलेल्या भागाच्या कडा आधी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या पाहिजेत. नाहीतर नव्या कातडीखाली जुना रोग दडून राहील.

विद्रूपतेच्या भयाने शस्त्रक्रिया जितकी लांबते, तितका रोग पसरतो. म्हणून म्हैसूर जिल्ह्यातील सरगूरच्या शेतकऱ्यालाही, नाकावरील व्रण काढण्याचा सल्ला देतानाच, नाक पुन्हा घडवता येते हे सांगितले पाहिजे. रोग्याला जगायचे असते ते चार माणसांत, तोंड लपवून नव्हे.