लाडू वाटायला मुलांना नेण्याआधी

दसरा झाला की आमच्या बालगृहातला फोन वाजू लागतो. "आमच्या सोसायटीतली दहाबारा कुटुंबं यायचं म्हणतायत. मुलांच्या हातून फराळ वाटायचा आहे. आपल्याला किती मिळालंय, हे त्यांना कळायला हवं ना!" फोनवर बहुतेक वेळा आईच असते. सुट्टीत मुलांवर संस्कार करण्याचं कामही बाईच्याच वाट्याला आलेलं असतं. फराळ तिनेच जागून केलेला असतो, पुडे तिनेच बांधलेले असतात. वाटायच्या वेळी मात्र बाबा पुढे असतात.

तिच्या हेतूबद्दल मला शंका नाही. एम.एस.डब्ल्यू. करून मी या कामात आले, त्याला आता दहा वर्षं होतील. देणाऱ्यांशिवाय संस्था चालत नाहीत, हे मी रोज पाहते. तरीही गेल्या दिवाळीत जे घडलं, ते मैत्रिणींशी बोलावंसं वाटतं.

त्या रविवारी तीन गट आले. मुलींना तीनदा रांगेत बसवलं, तीनदा स्वागतगीत झालं, तीनदा लाडू. तिसऱ्या गटातला एक मुलगा सहावीतल्या आमच्या एका मुलीपुढे येऊन थबकला. "अगं, तू इथे राहतेस?" तो तिच्याच वर्गातला. आपण मावशीकडे राहतो, असं तिने शाळेत सांगितलेलं होतं. तिने पुडा घेतला, खाली मान घालून "थँक यू" म्हटलं. सुट्टी संपल्यावर चार दिवस ती शाळेत जाईना. पोटात दुखतं म्हणायची.

चूक त्या मुलाची नव्हती. त्याच्या आईचीही नव्हती. गटाला परवानगी मी दिली होती, मुलींना रांगेत मी बसवलं होतं. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव वा छायाचित्र प्रसिद्ध करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे. म्हणून फोटोला आम्ही नाही म्हणतो, त्यावर काहीजण रागावतातही. पण फोटो नाही काढला तरी रांगेत बसवून दाखवणं उरतंच, आणि ते थांबवणं आमच्या हातात असतं.

येणारे मुलांना सांगतात, "बघ, यांना आईबाबा नाहीत." हे बहुतेकींच्या बाबतीत खरं नसतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुलींना आई आहे. नवऱ्याने टाकलेली, दारूपायी मार खाऊन बाहेर पडलेली, भाड्याच्या एका खोलीत एकटी राहणारी. या मुलीची आई पाच घरी धुणंभांडी करते. दिवाळीत आठ दिवस लेकीला घरी न्यावं म्हणून तिने अर्ज केला होता. पण दिवाळीत घरोघरी पाहुणे. "आत्ताच सुट्टी मागतेस?" असं पाचांपैकी चार घरांनी विचारलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत आई कामावर, मग वस्तीतल्या खोलीत मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवणार? आईने अर्ज मागे घेतला. मुलगी बालगृहातच राहिली आणि तिला लाडू मिळाले.

मैत्रिणींनो, मला हे नुसतं दुःखद वाटत नाही. यात आपलाही हात आहे, असं मला वाटतं. त्या मुलीला लाडवांपेक्षा आई हवी होती. आईला चार दिवसांची भरपगारी रजा मिळाली असती, तर आमच्याकडे कोणी फराळ आणला नसता तरी चाललं असतं. पुण्यातल्या मोलकरणी 1980 साली संपावर गेल्या. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्रात 2008 साली झाला. तरी आजही रजा आणि बोनस मालकिणीच्या मर्जीवरच चालतात. मालकीणबाई स्वतःही नोकरी करून थकलेली असते, हे मला कळतं. भांडी घासायला घरातला पुरुष पुढे येत नाही, म्हणून एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या डोक्यावर येते. भांडायचं असेल तर ते इथे आहे.

लहान मुलं हे सगळं बघत असतात. सकाळी बोनसवरून घासाघीस ऐकायची आणि दुपारी आश्रमात लाडू वाटायला जायचं, यातून पाच वर्षांचं मूल काय शिकेल? देणं म्हणजे लांबच्या, अनोळखी माणसाला, आपल्या सोयीने देणं. जोतिरावांनी 1868 साली अस्पृश्यांना पाणी खुलं केलं, ते स्वतःच्या घरच्या हौदाचं. लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. देणं घरापासून सुरू झालं, की घरातलं काहीतरी बदलावं लागतं.

मग मुलांना घेऊन काहीच करू नये का? जरूर करावं. दिवाळीचे चार दिवस कामाच्या मावशींना भरपगारी सुट्टी द्या आणि घरातल्या प्रत्येकाने, मुलाने आणि बाबांनीही, आपलं ताट आपण घासावं. चार वर्षांच्या मुलालाही हे जमतं. बोनसचं पाकीट त्यांच्या हातात देताना मुलाला त्यांचं पूर्ण नाव माहीत असू द्या. संस्थेला द्यायचं असेल तर आधी विचारा, काय हवं आहे? दिवाळीत आमच्याकडे लाडू उरतात. जूनमध्ये वह्या, सॅनिटरी पॅड, चपला कमी पडतात. आणि यायचंच असेल तर वर्षभर या, महिन्यातून एकदा, दोघी-तिघी. गणित शिकवा, मुलींबरोबर आकाशकंदील करा. तेही आधी मुलींना विचारून. यावर्षी मी तसं विचारणार आहे. रांग आणि स्वागतगीत बंद करणार आहे.

माझी लेक पाच वर्षांची आहे. तिला मी बालगृहात खेळायला घेऊन गेले होते. परतताना तिने विचारलं, "या ताया आपल्या घरी कधी येणार?" मी म्हटलं, त्यासाठी परवानगी लागते. ते खरंच आहे, नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. पण दहा वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नव्हता, हेही खरं आहे.

तुमच्या घरी दिवाळीच्या रजेचं काय ठरतं, कोण ठरवतं? जरूर लिहून कळवा.